दोन ते चारची पाळी

शिउलीडांगा, जि. हुगळी
९ फेब्रुवारी १९९३

प्रिय अनादी,

तुझं पत्र संक्रांतीला आलं. उत्तराला उशीर झाला, पण या खेपेला कारण आळस नाही. इथे सध्या युद्ध चाललंय.

बोसांचं तळं आठवतं ना? 'पोहायला शिकवतो' म्हणून तू मला ज्यात ढकललं होतंस तेच. ते बुजवायला घेतलंय. बोसांच्या नातवांनी ते पंचू साधुखाँ नावाच्या बिल्डरला विकलं आणि आता तिथे चार मजले उठणार म्हणे. पाडलेल्या घरांचा राडारोडा भरून ट्रक येतो, काठावर ओततो आणि निघून जातो. येतो कधी, तर दुपारी दोन ते चार.

तू म्हणशील, भरदिवसा? अरे, तीस वर्षं जलपाईगुडीला राहून आपली आळी विसरलास वाटतं. मासळी-भात पोटात गेला आणि खिडक्यांच्या झडपा लागल्या की चार वाजेपर्यंत इथे कोण जागं असतं? साधुखाँ याच आळीत लहानाचा मोठा झालाय. संध्याकाळी व्हिएतनामपासून क्यूबापर्यंत सगळ्या जगाचा निकाल लावणारी ही माणसं दुपारी ढोल बडवला तरी उठत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही 'तळे बचाव समिती' स्थापन केली आहे. एकवीस सभासद आणि अध्यक्ष होमिओपॅथ नलिनाक्ष कुंडू. नगरपालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मीच केला, दुसरं कोण करणार? पहिल्या बैठकीत 'निषेध' लिहायचं की 'तीव्र निषेध' यावर दोन तास गेले. दुसऱ्या बैठकीत कुंडूंनी सुचवलं, की सुरुवात तळ्यापासून नको, साम्राज्यशाहीपासून करावी. तिसऱ्या बैठकीत ते वाक्य कायम ठेवून त्याची जागा तेवढी बदलली. एवढ्यात तळ्याचा पूर्वेचा कोपरा गेला.

पण खरी बातमी पुढेच आहे. काल दुपारी आम्ही ट्रक अडवला! चालकाला माल तसाच परत न्यावा लागला. तुझ्या लेकीला, मिठूला आशीर्वाद. तिची सर्दी कशी आहे?

तुझा
भवतोष


जलपाईगुडी
१६ फेब्रुवारी १९९३

भवा,

सर्दी गेली चुलीत. ट्रक अडवला आणि ते तू शेवटच्या चार ओळींत उरकतोस? मसुद्यावर पान खर्ची घातलंस आणि लढाईला जागा उरली नाही?

तुझं पत्र मी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. इथे आम्ही सहा म्हातारे रोज बसतो. चहाच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून माझा तोच उद्योग आहे. त्यांना तू माहीत आहेस, कारण मी इतकी वर्षं तुझंच सांगत आलोय. पत्र ऐकून हारान म्हणाला, "बासष्टाव्या वर्षी ट्रकपुढे उभा राहिला? माझ्या तर बायकोपुढे उभं राहताना गुडघे दुखतात." सगळ्यांनी तुझ्या नावाने एकेक चहा जास्तीचा घेतला.

आता नीट सांग. 'आम्ही' म्हणजे कोण कोण? कुंडू तर असणं शक्य नाही, तो सावलीतच जन्मला आहे. पुढे कोण होतं? तू होतास का? काय बोललास?

कनकवहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, नवऱ्याला जरा जपा, आता तो हातचा गेला.

अनादी


शिउलीडांगा
२५ फेब्रुवारी १९९३

प्रिय अनादी,

स्वतःबद्दल लिहायचा मला संकोच वाटतो. तू फारच खनपटीला बसलास म्हणून सांगतो.

ट्रक पश्चिमेच्या घाटाच्या बोळातून मागे-मागे येत होता. हा बोळ किती अरुंद आहे ते तुला माहीत आहे. चालकाने फळका उघडायला माणूस खाली उतरवला. एवढ्यात वाट अडवली गेली. चालक ओरडला, "बाजूला व्हा, मरायचंय का?" त्यावर त्याला सांगण्यात आलं, "आधी माझ्यावर ओत. मग तळ्यात ओत." बस्स. तो पाच मिनिटं हॉर्न वाजवत राहिला, मग गेला.

कोण बोललं विचारतोस, तर मीच म्हण.

त्यानंतरही दोनदा ट्रक आला आणि दोन्ही वेळा परत गेला. आमच्या घरी टगर भांडी घासते, तिला तळ्याची फार काळजी आहे. ती चार घरची भांडी याच घाटावर घासते, तिथेच कपडे धुते, आणि तिच्या वस्तीला दुसरं पाणी नाही. तळं गेलं तर तिला मैलभर लांबून पाणी आणावं लागेल. निवेदनात हा मुद्दा आम्ही सातव्या परिच्छेदात घेतला आहे.

निवेदन अजून गेलेलं नाही. कुंडूंना 'सातव्या'चा 'नववा' करायचा आहे.

भवतोष


जलपाईगुडी
४ मार्च १९९३

भवा,

"आधी माझ्यावर ओत. मग तळ्यात ओत." हे तू बोललास? तुझं सगळ्यात लहान वाक्य मी तुझ्या लग्नात ऐकलं होतं, आणि त्यातही तीन स्वल्पविराम होते. भीती माणसाला साधं, सरळ बंगाली बोलायला लावते असं दिसतं. मला फार आनंद झाला, वेड्या. मनापासून सांगतो.

एक जुनी गोष्ट आज लिहून टाकतो. एकोणसाठ साली तागगिरणीच्या फाटकावरच्या मोर्च्याला आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. पत्रकं तू लिहिलेली, वाटायची दोघांनी. ऐन सकाळी तू आजारी पडलास आणि मी एकटा गेलो. अकरा महिने आत होतो, तेव्हा पुष्कळदा मनात यायचं, की भवा बरा असता तर आला असता का? तुला कधी विचारलं नाही. आता विचारायची गरजच राहिली नाही. ट्रकने उत्तर दिलं.

मी येतोय. वीस मार्चची गाडी आहे, तिकीट काढलं. हारानही म्हणतोय येतो. दोन ते चार तुझ्या शेजारी उभा राहीन आणि चारनंतर वहिनींच्या हातचा चहा पिईन.

अनादी


शिउलीडांगा
१२ मार्च १९९३

प्रिय अनादी,

घाईने लिहितोय. तू येऊ नकोस. माझ्या अंगावर कांजिण्या उठल्या आहेत. या दिवसांत इकडे त्यांची साथ असते हे तुला ठाऊकच आहे. ताप आहे, कनकने खोलीच्या दाराला कडुनिंबाचा पाला बांधलाय आणि मला वेगळं निजवलंय. या वयात तुला लागण झाली तर मिठू मला जन्मात क्षमा करणार नाही. शिवाय ऊन फार आहे, आणि ट्रकही हल्ली येत नाही, निदान रोज येत नाही. पावसाळ्यानंतर सवडीने ये.

हारानबाबूंना माझा नमस्कार सांग आणि त्यांनाही आणू नकोस.

भवतोष


(पोस्टकार्ड)

जलपाईगुडी
१८ मार्च १९९३

भवा,

कांजिण्या माणसाला एकदाच येतात. तुला त्या एकोणसाठच्या ऑगस्टमध्ये आल्या होत्या. मोर्च्याच्या सकाळी तुझ्या आईने दारात उभं राहून मला तसं सांगितलं होतं.

तेव्हाच्या खोट्या होत्या, की आताच्या? एवढंच कळव.

तिकीट परत केलं.

अनादी


शिउलीडांगा
१४ एप्रिल १९९३, चैत्राचा शेवटचा दिवस

प्रिय अनादी,

दोन्ही.

हा एक शब्द लिहायला मला चार आठवडे लागले. आता पुढचं लिहिणं सोपं आहे.

तू पोस्टकार्ड का पाठवलंस ते मला समजलं. पोस्टमनने ते वाचलं, कनकने वाचलं, आणि कनकने टगरला वाचून दाखवलं. जेवताना कनक एवढंच म्हणाली, "कांजिण्यांच्या माणसाला आंबट चालत नाही. चटणी देऊ, की नको?" मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

ट्रक मी अडवला नव्हता. आम्हीही नाही. टगरने अडवला, एकटीने, काखेत आमचीच कढई घेऊन. दुपारी साऱ्या आळीत तीच एक जागी असते, कारण तिला भांडी घासायची असतात. ते छोटं वाक्य तिचं. मी वरच्या खोलीत खिडकीची झडप बोटभर उघडून बघत होतो. काय चाललंय ते सगळं दिसत होतं. मन म्हणत होतं, भवतोष, ऊठ, जा. पाय उठले नाहीत. मग ट्रक गेला, आणि मी इतका आनंदलो की 'आम्ही अडवला' असं लिहून बसलो. लिहिताना मला ते खरंच वाटलं, याची आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

एकोणसाठचंही सांगून टाकतो. कांजिण्या नव्हत्या. आईला मीच तसं सांगायला लावलं, आणि ती बिचारी त्यानंतर महिनाभर देवाची माफी मागत होती. तू गेल्यावर घरात बसवेना म्हणून मी मागून आलो. फाटकाजवळच्या पानाच्या दुकानापर्यंत आलो. पोलिसांच्या दोन गाड्या दिसल्या आणि मी तिथेच खिळलो. तुला गाडीत घालताना पाहिलं आणि घरी आलो. पत्रकं कुणी लिहिली म्हणून तुला मारलं, ते तुझ्या आईकडून कळलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी मात्र पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेत मुलांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवली आणि दर वर्षी बॅस्टिलचा धडा आला की मला घाम फुटायचा.

आता या महिन्याचं ऐक. हे खरं आहे. खात्री वाटत नसेल तर कनक खाली सही करील.

एक तारखेला ट्रकवाल्याने टगर घासायला बसलेली असतानाच माल ओतला. एक वीट घरंगळत आली आणि तिच्या पायावर बसली. घोटा हा एवढा सुजला. दुसऱ्या दिवशी कनक तिला बघायला वस्तीवर गेली, मीही पिशवी धरून मागे गेलो. टगर खाटेवर होती. कनकने विचारलं, "दुखतंय का गं फार?"

टगर म्हणाली, "पायाचं काय वहिनी, पाय होईल बरा. पण दुपारी आता तिथे कुणीच नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही म्हणायला मास्तरमोशाय आहेत. रोज फटीतून बघतात. आजही बघतील."

ती टोचून बोलली नाही रे. साधंच बोलली. म्हणूनच ते आरपार गेलं. दोन महिने तिला वरची बोटभर फट दिसत होती, आणि तरी ती रोज सकाळी येऊन मला 'मास्तरमोशाय, चहा' म्हणत होती.

त्या दुपारी जेवून मी निजलो नाही. दोन वाजता बोळात ट्रकचा आवाज आला. मी कोपऱ्यातला बसायचा वेताचा मोडा उचलला, छत्री घेतली आणि जिना उतरलो. जिन्यात मनाशी भाषण जुळवलं, चांगलं होतं, तीन भागांत होतं. बोळात मोडा मांडला, बसलो, छत्री उघडली आणि तोंड उघडलं.  एक अक्षर आठवेना.

चालक खाली उतरला. म्हणाला, "दादू, काय होतंय? चक्कर आली का?"

मी मानेने नाही म्हटलं.

"मग उठा ना. मला मागे घ्यायचाय."

मी पुन्हा मानेने नाही म्हटलं. त्याने मला पाण्याची बाटली दिली. मी प्यालो. तेवढ्यापुरती आमची ओळख झाली. मग तो ट्रकात चढला आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

अनादी, टगर उभी राहायची तेव्हा तो पाच मिनिटं हॉर्न वाजवून निघून जायचा, कारण ती हलणार नाही हे त्याला कळायचं. मी म्हातारा, थरथरणारा. त्याला वाटलं, हा आता उठेल, मग उठेल. तो अर्धा तास वाजवत राहिला. आणि अडीचच्या सुमाराला एक झडप उघडली. मग दुसरी. आपल्या आळीत आजवर कुठल्याही प्रश्नावर एकमत झालेलं नाही. पण दुपारची झोप मोडली, यावर झालं! लुंगी सावरत, केस पिंजारलेले, गालावर उशीचे वळ उठलेले असे सगळे बाहेर आले. कुंडू गमछा गुंडाळूनच धावले आणि ट्रकवर थापा मारत ओरडायला लागले, "कोण हरामखोर आहे हा? ही माणसांच्या झोपायची वेळ आहे की नाही?" निवेदनात अशी तीव्रता आम्हाला पाच बैठकांत साधली नव्हती.

आणि मग त्यांनी पाहिलं. ट्रक पाहिला, ढीग पाहिला, अर्धं उरलेलं तळं पाहिलं. कितीतरी जणांनी ते या वेळेला पहिल्यांदाच पाहिलं असेल. शेवटी मला पाहिलं. कुंडू म्हणाले, "भवतोषबाबू, तुम्ही एकटे?" मी म्हटलं, "नाही. टगरच्या जागी." दुपारभरात मी बोललो ते एवढंच.

सोळा जण रस्त्यावर बसले. घरांतून सतरंज्या आल्या, मग खायला मुरमुऱ्यांची मुढी आली, मग अर्थातच वाद सुरू झाला, पण बसल्या जागी. साधुखाँ स्वतः आला. सगळ्यांना 'काका' म्हणत, हात जोडत फिरला. कुंडूंनी त्याला लहानपणी जंतांची पुडी दिली होती, तिची आठवण करून दिली. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी निवेदनावर सह्या झाल्या, एक स्वल्पविरामही न बदलता. परवा नगरपालिकेच्या सांगण्यावरून मत्स्य खात्याचा माणूस येऊन मोजमाप करून गेला आणि त्याने काम थांबवायचा कागद साधुखाँच्या दारावर चिकटवला. जे बुजलं ते उकरायला लावणार की नाही, ठाऊक नाही. पण उरलेलं पाणी आहे. टगर लंगडत का होईना, कालपासून घाटावर येते. मी वरून बघत होतो. तिने मान वर करून विचारलं, "आज झडप सताड उघडी कशी?"

कागद असला तरी साधुखाँवर कोण विसंबणार? म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. रोज दुपारी दोघांनी जागं राहायचं. क्यूबा या लोकांना सोपा वाटायचा, हे जड जातंय, पण करतात.

उद्या आपलं बंगाली चौदाशे साल लागेल. सगळीकडे नवं शतक म्हणून धामधूम आहे. मला मात्र तुझ्या उत्तराशिवाय काही साजरं करावंसं वाटत नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण सांगितल्यावर इतकं हलकं वाटतंय, की मी आज दुपारी पाळी नसतानाही जागा होतो.

तुझा
भवतोष

अनादीभावजी, सगळं खरं आहे. ट्रक हलताना मोड्याचा एक पाय मोडला, तो यांनी स्वतः दोरीने बांधला. वाकडाच बांधलाय. — कनक


जलपाईगुडी
२० एप्रिल १९९३

भवा,

मला माहीत होतं.

आताचं नव्हे. आताच्या ट्रकावर मी पुरता विश्वास ठेवला होता, ते छोटं वाक्य खटकूनसुद्धा. माणसाला जे हवं असतं ते तो वाचतो. मला एकोणसाठचं माहीत होतं. पानाच्या दुकानाशी तुझी छत्री दिसली होती. तिच्या दांड्याला तू लाल दोरा गुंडाळला होतास. पोलीस मला दंडाला धरून नेत होते आणि मी त्या लाल दोऱ्याकडे बघत होतो.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मी तुला यथेच्छ शिव्या घातल्या. मग आई भेटायला आली. म्हणाली, "भवा दर रविवारी मासळी आणून देतो, औषध आणतो, आणि दाराबाहेरच उभा राहतो, काही केल्या घरात येत नाही." तेव्हा मला कळलं, की तूही अकरा महिने भोगतोयस. तू तेव्हा दहा पावलं पुढे आला असतास तर आईकडे कोण बघणार होतं? मी सुटून आलो तेव्हा ती जिवंत होती, ती तुझ्यामुळे. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. तू ओशाळा राहिलास ते मला कुठेतरी बरं वाटत होतं. आता माझ्या कांजिण्या ऐक.

सुटल्यापासून मी कुठल्याही मोर्च्यात गेलो नाही. एकाही नाही. गोदामात संप झाला तेव्हा मी रजा टाकून पुरीला गेलो. पाठीवरचे वळ आठवले की मी दाराला आतून कडी घालायचो. पण टपरीवर मी 'तुरुंगात गेलेला अनादी' आहे. त्या अकरा महिन्यांवर मी चौतीस वर्षं फुकटचा मान खाल्ला. मार्चमध्ये येतो म्हणालो तेव्हा तिकीट काढून आणलं आणि ताप भरला, खरा ताप. तुझं 'येऊ नकोस' आलं तेव्हा मी काय केलं असेल? सुटकेचा श्वास सोडला. आणि मग तुला ते कठोर पोस्टकार्ड लिहिलं! म्हणजे बघ कसा माणूस आहे मी.

काल टपरीवर तुझं पत्र वाचलं, आणि त्यामागून हे सगळंही सांगितलं. मला वाटलं, आता उठून जातील. हारान म्हणाला, "म्हणजे तूही आमच्यातलाच निघालास. बरं झालं बाबा, इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसायचं दडपण यायचं." आणि त्याने माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं. आजवर त्याची हिंमत नव्हती झाली.

मी मोडक्या मोड्यावर बसायला तयार आहे. टगरला विचार, चालेल का.

अनादी


(पोस्टकार्ड)

शिउलीडांगा
२७ एप्रिल १९९३

अनादी,

टगरला विचारलं. ती म्हणाली, "आणखी एक मास्तर? येऊ देत. पण सांगा, बसायचं असेल तर खाली बसा, वरून बघायचं नाही."

सोमवार, तीन मे, दोन ते चार. तुझं नाव माझ्याशेजारी लिहिलंय. दुपारची झोप गाडीतच काढून ये.

छत्री आणू नकोस. माझी आहे, आणि तिचा लाल दोरा मी आजच नवा बांधलाय.

भवा